बाटली जुनी चालेल, बूच नवे हवे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या काळच्या, गळ्यात आतून आटे असलेल्या बियरच्या बाटल्या शोधून, घासूनपुसून त्या घरगुती बियर भरण्यासाठी पुन्हा वापरात आणण्याच्या छंदावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी आवडीने वाचला. विलायतेत हा छंद जोपासणारे बरेच लोक आहेत आणि त्यांच्या चिकाटीचे कौतुक लेखकाने केले ते योग्यच आहे. परंतु तो लेख वाचून आमच्या भागातली दोन-तीन तरुण मुले भंगाराच्या दुकानातून अशा बाटल्या घेऊन माझ्याकडे आली आणि "काका, यात गॅस भरून द्या" म्हणू लागली, तेव्हा लेखात राहून गेलेल्या काही गोष्टी लिहून पाठवणे मला आवश्यक वाटले. अचलपूर तालुक्यात आमचा सोडावॉटरचा छोटा कारखाना आहे. वडिलांपासून चालत आलेल्या या धंद्यामुळे काच, रबराचे वायसर आणि गॅसचा दाब या तिन्ही गोष्टींशी माझा रोजचा संबंध येतो. त्या अनुभवापुरतेच मी लिहीत आहे.

प्रथम त्या बुचाविषयी, कारण या बाटलीची सगळी करामत बुचात आहे. हेन्री बॅरेट या इंग्रज गृहस्थाने १८७९ साली या बुचाचे पेटंट घेतले. बाटलीच्या गळ्यात ती घडवतानाच आतल्या बाजूने आटे पाडलेले असत, त्यात बूच पिळून बसवायचे आणि बुचाच्या खांद्याखाली असलेली रबराची कडी तोंडाशी दाबली गेली की बाटली बंद. सुरुवातीला ही बुचे कठीण लाकडाची होती, पुढे ती एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून दगडासारख्या कठीण केलेल्या रबराची होऊ लागली. त्यांच्या माथ्यावर बियरच्या कारखान्याचे नाव कोरलेले असे. १९०१ साली तिकडे असा कायदा झाला की चौदा वर्षांखालच्या पोराला बियर आणायला पाठवले तर बाटली बूच लावून वर मोहोर केलेलीच दिली पाहिजे. म्हणून बुचावरून गळ्यापर्यंत कागदी पट्टी चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. वाटेत पोराने दोन घोट मारू नयेत एवढाच हेतू. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई पडली तेव्हाच्या काही बुचांवर 'वॉर ग्रेड', म्हणजे युद्धकाळचा दर्जा, अशी अक्षरे सापडतात. विल्यम पेंटर या अमेरिकनाने १८९२ मध्ये पत्र्याचे दातेरी झाकण काढले, तेच आज आपण थंड पेयाच्या काचेच्या बाटलीवर पाहतो. ते स्वस्त होते आणि यंत्राने झटपट बसत होते, त्यामुळे आट्याचे बूच हळूहळू मागे पडले, तरी विलायतेत ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही काही वर्षे टिकून होते.

आमच्या धंद्यातल्या गोळीच्या बाटलीशी या बाटलीची तुलना केली म्हणजे माझा मुद्दा नीट कळेल. हिरम कॉड याच्या १८७२ च्या पेटंटावरून आलेल्या गोळीच्या बाटलीत आतला गॅसच काचेची गोळी वर ढकलून गळ्यातल्या रबरी वायसरवर घट्ट बसवतो. दाब जितका जास्त, तितकी बाटली पक्की बंद. बॅरेटच्या बाटलीत नेमके उलटे आहे. तिथे गॅस बुचाला बाहेर ढकलत असतो आणि त्याला धरून ठेवण्याचे सगळे काम आट्यांवर व त्या रबरी कडीवर पडते. आटा झिजलेला असला, काचेची एक कपची उडालेली असली किंवा कडी वाळून तडकलेली असली, तर एक तर गॅस निघून जाईल आणि पेय मिळमिळीत होईल, नाही तर पिळताना बूच सुटून सरळ तोंडावर येईल. बूच शाबूत असेल तर मात्र या रचनेचा एक मोठा गुण आहे, आणि तो कबूल केला पाहिजे: अर्धा फेरा फिरवला की आट्यांतून गॅस हळूहळू निसटतो, आणि बूच मोकळे होईपर्यंत आतला जोर बराच कमी झालेला असतो.

आता या बाटल्या आमच्याकडे येतात कोठून? कामठीची छावणी १८२१ ची, परतवाड्याला हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या निजामाच्या फौजेची, छावणी होती, चिखलदऱ्याला साहेबलोक उन्हाळा काढायला जात, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचल्यावर मुंबईच्या बंदरात उतरलेला विलायती माल इकडे येणे सोपे झाले. त्यामुळे जुन्या वाड्याच्या माळ्यावर, विहिरीच्या गाळात, पडक्या बंगल्याच्या मागच्या उकिरड्यावर एखादी जाड, हिरवट किंवा तपकिरी काचेची बाटली निघाली तर त्यात नवल नाही. आमच्या गावचा भंगारवाला म्हणतो, "काचाच्या भावानं जाते भाऊ, शिशी कोनाले पायजे?" त्याच्याकडे आलेली बाटली दोन दिवसांत फुटून पोत्यात जाते. त्याने फोडण्याआधी ती कुणी उचलली, याचा मला आनंदच आहे.

परंतु इथेच विदर्भापुरता एक मोठा धोका आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. आपल्याकडे रिकामी बाटली कधी रिकामी राहत नाही. पक्के झाकण असलेली जाड बाटली शेतकऱ्याच्या घरी आली की तिच्यात रॉकेल येते, फिनेल येते, आणि कपाशीच्या दिवसांत मोठ्या डब्यातून काढून घेतलेले उरलेसुरले फवारणीचे औषध येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपल्याच वृत्तपत्राच्या वाचकांना आठवत असेल. ते विष श्वासातून आणि कातडीतून अंगात गेले होते. तीच औषधे ज्या बाटलीत वर्षानुवर्षे राहिली, ती कोनाड्यातून निघून भंगारात आणि भंगारातून छंदिष्टाच्या स्वयंपाकघरात आली, तर तिच्यात पूर्वी काय होते याची चिठ्ठी तिच्यावर नसते. काच स्वतः औषध शोषून घेत नाही, ती धुता येते. पण रबर आणि एबोनाइट तसे नाहीत. तेलात मिसळलेली औषधे, रॉकेल, फिनेल त्यांत मुरतात, आणि एकदा मुरली की गरम पाणी, सोडा, लिंबू, राख यांतले काहीही त्यांना पूर्णपणे बाहेर काढत नाही. बुचाला नाक लावून वास येत नाही म्हणून ते निर्धोक, असे कुणी समजू नये. कित्येक औषधांना जाणवेल असा वास नसतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की बाटली जुनी वापरा, पण बूच व कडी नवीनच हवी. जुने बूच कितीही देखणे असले, त्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या कारखान्याचे नाव असले, तरी ते कपाटात मांडून ठेवावे, ओठाशी येणाऱ्या बाटलीला लावू नये. मांडून ठेवायचे असले तरी ते उन्हात ठेवू नये आणि उकळत्या पाण्यात टाकू नये. ऊन व उष्णता यांनी एबोनाइटमधले गंधक बाहेर पडू लागते, काळाभोर रंग जाऊन शेवाळी तपकिरी होतो आणि ते आंबूस वास मारू लागते. थंड पाणी, थोडासा साबण आणि मऊ फडके यांपलीकडे त्याला काही लागत नाही.

काचेची साफसफाई हे मात्र फुरसतीने करण्यासारखे काम आहे आणि त्यात मजा आहे. बाटली कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी आतला निम्मा मळ आपोआप सुटलेला असतो. आमच्या भागातल्या बोअरच्या जड पाण्याने चढणारा पांढरा थर सोड्याने जात नाही, त्याला लिंबूसत्त्वाचे किंवा व्हिनेगरचे पाणी लागते, आणि ते घातल्यावर थरातून बारीक फेस निघताना दिसतो. आतला चिकट तळ काढायला मूठभर कच्चे तांदूळ व थोडे पाणी घालून बाटली खळखळवावी. वाळू कधीही घालू नये, तिने आतून ओरखडे पडतात. पूर्वी विलायतेत बंदुकीचे छर्रे घालून बाटल्या खळखळवत असत. ते छर्रे शिशाचे असतात, म्हणून जुन्या पुस्तकातली ती युक्ती आज करू नये. कारखान्यात बाटल्या धुताना कॉस्टिक सोडा वापरतात, पण तो कातडी व डोळे जाळतो आणि घरात लहान मुले असतात, त्यामुळे त्याच्या वाटेला न गेलेलेच बरे. आणखी एक गोष्ट: थंड बाटलीत एकदम उकळते पाणी ओतू नये. आपल्या नेहमीच्या काचेला चाळीसेक अंशांचा एकाएकी झालेला फरकही सोसत नाही, आणि जाड काचेला तर तो पातळ काचेपेक्षा कमी सोसतो.

जमिनीत वर्षानुवर्षे पुरलेल्या बाटलीवर कधी कधी दुधासारखा धूसर पडदा किंवा मोरपिसासारखे रंग दिसतात. तो मळ नसतो. ओलाव्याने काचेतले क्षार बाहेर ओढले जाऊन तिची वरची साल खराब झालेली असते. तो सोड्याने जात नाही, लिंबाने जात नाही. हौशी संग्राहक तांब्याच्या तारेचे तुकडे आणि घासण्याची बारीक पूड घालून बाटली यंत्रावर तासन्‌तास फिरवतात, तेव्हा कुठे ती चकाकते. पण चकाकलेली बाटली मजबूत झाली असे होत नाही, वरची साल घासली गेल्याने ती थोडी पातळच होते.

काचेची मजबुती हा विषय आमच्या धंद्यात फार लवकर शिकावा लागतो. काच किती दाब सोसेल हे तिच्या जाडीइतकेच तिच्या अंगावरच्या ओरखड्यांवर ठरते. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० च्या सुमारास हे दाखवून दिले की काच तुटते ती आधीच असलेल्या सूक्ष्म भेगांपासून. जुन्या बाटलीच्या खांद्यावर आणि बुडाजवळ एक पांढुरकी, खरखरीत पट्टी दिसते. पेटीत बाटलीवर बाटली घासून ती पडलेली असते आणि बाटली फुटली तर बहुधा तिथूनच फुटते. शिवाय ताणाखाली असलेल्या काचेत ओलाव्यामुळे भेग हळूहळू वाढत राहते, त्यामुळे आज दाब सोसलेली बाटली आठवड्याने त्याच दाबाला फुटू शकते. बाटली पारखताना तिच्या तोंडाच्या कडेवरून नख फिरवावे, कुठे अडकते का पाहावे. उन्हाकडे धरून सावकाश फिरवावी आणि आत चमकणारी चंद्रकोरीसारखी रेघ दिसली तर ती बाजूला ठेवावी. नाण्याने हलके वाजवून स्वच्छ नाद येतो की दबका, हेही ऐकावे. आजकाल एक नवी युक्तीही करता येते: मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर बाटली धरून पोलरॉइड चष्म्यातून पाहिले, तर काच थंड होताना जिथे ताण अडकून राहिला आहे तिथे रंगीत पट्टे दिसतात. हाताने केलेल्या जुन्या काचेत ते बऱ्याचदा दिसतात. बाटली यंत्राची की हाताची, हे ओळखायचे असेल तर साच्याची उभी शिवण तोंडाच्या अगदी कडेपर्यंत गेली आहे का ते पाहावे. कडेपर्यंत गेली असेल तर ती विसाव्या शतकातली, यंत्रावरची, आणि तिची काच त्यामानाने एकसारखी असण्याची शक्यता जास्त.

नवीन बूच कसे करायचे, हा प्रश्न त्या मुलांनीही मला विचारला. आपल्याकडे लेथवाला गावोगाव नसला तरी तालुक्याच्या ठिकाणी असतोच, आणि खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या सळईतून तो आट्यांचे बूच काढून देऊ शकतो. अडचण एवढीच की जुन्या बाटल्यांचे आटे एकसारखे नसतात, म्हणून प्रत्येक बाटलीचे माप वेगळे घ्यावे लागते. काडीच्या टोकावर गरम करून मऊ केलेले मेण गळ्याच्या एका बाजूला दाबून बाहेर काढले की आट्याचा ठसा मिळतो, तो लेथवाल्याला पुरतो. आटा जरा सैल बसला तरी हरकत नाही, कारण गळती थांबवण्याचे काम कडी करते, आटा फक्त धरून ठेवतो. कडीसाठी मोटारपंपाच्या दुकानात मिळणारी काळी ओ-रिंग लावू नये. ती तेलासाठी असते, पिण्याच्या पदार्थासाठी असतेच असे नाही. खाद्यपदार्थांसाठीची म्हणून विकली जाणारी कडीच घ्यावी. सिलिकॉनची कडी स्वच्छ व टिकाऊ असते, पण तिच्यातून कर्बवायू, म्हणजे पेयातला गॅस, हळूहळू झिरपतो, हे सोडावाल्याला ठाऊक असते आणि छंदिष्टाला बियर मिळमिळीत झाल्यावर कळते.

आता दाबाकडे येतो. बियर बाटलीत भरताना वरून थोडी साखर घालतात, म्हणजे उरलेले यीस्ट ती खाऊन बंद बाटलीत गॅस तयार करते. हे प्रमाण लिटरला साधारण सहा-सात ग्रॅम, म्हणजे जेमतेम दीड चहाचा चमचा असते. साखरेच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा गॅस होतो, त्यामुळे एक चमचा जास्त पडला तर गॅस केवढा वाढेल याचा हिशेब कुणीही करू शकतो. आंबणे पूर्ण होण्याआधीच घाईने भरली तर उरलेली साखरही त्यात येऊन मिळते. हे सगळे माप इंग्लंडातल्या थंड तळघरांत बसवलेले आहे. द्रवात विरलेला गॅस तापमान वाढले की बाहेर येऊ पाहतो. २० अंशांवर बंद बाटलीत बाहेरच्या हवेपेक्षा जितका जास्त दाब असतो, तो त्याच बाटलीत ४० अंशांवर जवळपास दुप्पट होतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या घरात जातो, टिनाच्या छपराखालच्या खोलीत तर कुलर बंद पडल्यावर काय होते ते वेगळे सांगायला नको. विलायतेत शंभर वर्षे सुखाने नांदलेली बाटली इथे पहिल्याच उन्हाळ्यात का फुटावी, याचे उत्तर त्या दुप्पट दाबात आहे. आम्ही सोडा भरतो तेव्हा नवी, त्याच कामासाठी बनवलेली जाड बाटली लोखंडी जाळीच्या आत फिरवतो, हातात चामड्याचे मोजे असतात, आणि तरीही उन्हाळ्यात एखादी बाटली फुटतेच. त्या मुलांच्या बाटल्या मी माझ्या यंत्रावर लावल्या नाहीत आणि लावणारही नाही.

ज्यांना जुनी बाटली दाबासाठी वापरायचीच आहे, त्यांनी निदान ती आधी पाण्याच्या दाबाने तपासावी. नळजोडणीवाले पाइप तपासायला हाताचा पंप वापरतात, तसा पंप जोडून काठोकाठ पाण्याने भरलेल्या बाटलीवर दाब द्यावा. पाणी दबत नसल्यामुळे बाटली तुटली तरी तिथल्या तिथे तडकते, काचा उडत नाहीत. हवेने किंवा गॅसने तपासण्याचा विचारही करू नये. मात्र वर सांगितल्याप्रमाणे या चाचणीत उत्तीर्ण झालेली बाटली कायमची निर्धोक ठरत नाही.

शिवाय यीस्टलाही आमची हवा मानवत नाही. एल जातीच्या बियरचे यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट काम करते, लागर या दुसऱ्या जातीला तर त्याहून बरीच थंडी लागते. पस्तीस अंशांच्या खोलीत आंबवलेल्या बियरला रंगाच्या थिनरसारखा उग्र वास येतो. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेत ती उजेडात राहिली तर बियरमध्ये घालतात त्या हॉप्स नावाच्या फुलांमधल्या कडू द्रव्यांपासून एक दुर्गंधी संयुगही तयार होते. तपकिरी काच वापरात आली ती यासाठी.

हे सगळे झाल्यावर कायद्याचा प्रश्न उरतो, आणि त्याविषयी लेख अगदीच गप्प होता. ब्रिटनमध्ये घरी बियर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला, म्हणून तिकडच्या माणसाला हा निव्वळ छंद आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. त्यात दारूच्या व्याख्येत बियर नावानिशी आहे आणि परवान्याशिवाय ती तयार करणे हा गुन्हा आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून पूर्ण दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. आपल्याच पानांवर आठवड्याआड बातमी असते की अमुक गावाच्या नाल्यालगत हातभट्टीवर धाड, मोहाचा इतका लिटर सडवा नष्ट, इसमाविरुद्ध गुन्हा दाखल. त्याच अंकाच्या पुरवणीत, गुळगुळीत कागदावर, घरी बियर आंबवणाऱ्या शहरी मनुष्याचे कौतुक छापले जाते, याची संपादकीय विभागाने एकदा सांगड घालून पाहावी. हातभट्टीची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही, तिने उद्ध्वस्त झालेली घरे मी जवळून पाहिली आहेत. परंतु आंबवणे हा एकासाठी छंद आणि दुसऱ्यासाठी गुन्हा, असे वाचकाला वाटू देणे बरोबर नाही. कायदा दोघांना एकच आहे आणि तो लेखात एका ओळीत तरी यायला हवा होता.

मग या बाटल्यांत भरायचे काय? पुष्कळ काही भरता येते. जवसाचे किंवा करडईचे घाणीचे तेल, मध, व्हिनेगर, आल्याचा पाक, आणि आमच्याकडे संत्री पिकतात तेव्हा संत्र्याचा घट्ट पाक. यांतल्या कशालाही गॅस लागत नाही, आणि नव्या बुचाची जुनी बाटली या कामाला नामी आहे. संत्र्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. नुसता गाळलेला गोड रस घट्ट बूच लावून उन्हाळ्यात ठेवला तर हवेतले यीस्ट त्याला आपोआप आंबवते, आणि मग कुणाचाही हेतू नसताना वर सांगितलेला सगळा दाबाचा प्रकार स्वयंपाकघराच्या फळीवर घडतो. म्हणून पाक साखरेने चांगला घट्ट असावा, उकळून थंड केलेला असावा, विकणारे त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे टिकाऊपणाचे द्रव्य ठरलेल्या प्रमाणात घालतात तसे घालावे किंवा बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. आणि बुचाभोवती बुडबुडे दिसले, किंवा ते पिळताना 'फुस्स' असा आवाज आला, तर तो पाक टाकून द्यावा.

आपल्याकडे माझी विनंती अशी आहे की, हे पत्र संपूर्ण छापणे जागेअभावी शक्य नसेल तर निदान तीन गोष्टी पुढच्या रविवारच्या पुरवणीत ठळकपणे याव्यात: भंगारातून आणलेल्या बाटलीचे मूळ बूच खाण्यापिण्यासाठी वापरू नये, जुन्या बाटलीत गॅस असलेले पेय भरून ती उन्हाळ्यात घरात ठेवू नये, आणि परवान्याशिवाय घरी बियर करणे महाराष्ट्रात गुन्हा आहे. कपाशीचा हंगाम तोंडावर आहे. फवारणीचे औषध पिण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नये, ही चौथी ओळ त्याच चौकटीत घातली तर पुरवणी न वाचणाऱ्या घरांनाही तिचा उपयोग होईल.

कळावे,
आपला,
एक सोडावॉटर व्यावसायिक
ता. अचलपूर, जि. अमरावती